गावच्या शेडमध्ये उभी असलेली आजोबांची पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणता येईल का?

तुमचा प्रश्न असा: आजोबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी गावी गोठ्याला लागून असलेल्या शेडमध्ये पंधरा-सोळा वर्षं उभी आहे. किल्ली आहे, आरसी बुक ट्रंकेत सापडलं, आजोबा आता नाहीत. सणाला पुण्याहून गावी तिच्यातूनच जायचंय. इंजिन सुरू होईल का, खर्च किती येईल आणि सुरुवात कुठून करायची?

आमच्या वडिलांची त्याच काळातली पद्मिनी कराडजवळ चुलत्यांच्या शेडमध्ये बरीच वर्षं पडून होती. ती काढून आम्ही रस्त्यावर आणली, आजही चालवतो. त्या अनुभवावरून सांगतो: इंजिनाची काळजी करू नका, पत्र्याची करा. गाडी वाचणार की नाही हे पत्रा ठरवतो, आणि खिसाही तोच रिकामा करतो. आमच्याकडे निम्म्याहून जास्त पैसे पत्रा आणि रंगातच गेले.

असं का, तर या गाडीची घडणच तशी आहे. पद्मिनी म्हणजे मुळात इटलीत १९५३ साली आलेली फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने ती आपल्याकडे आणली. आधी जुने लोक जिला डुक्कर फियाट म्हणतात ती, मग ११०० डी, मग डिलाइट, आणि १९७४ पासून पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, ब्लॉक बिडाचा आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) अॅल्युमिनियमचं. जगभरात इंजिनं बदलली तरी आपल्याकडे तेच चालू राहिलं, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी ते लाखो किलोमीटर पळवलं. त्यामुळे या इंजिनातला प्रत्येक खिळा मेकॅनिक लोकांना पाठ आहे. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, पॅकिंग सेट अजून मिळतात. अगदी जाम झालेलं इंजिनसुद्धा लेथवर बोअर करून पुन्हा उभं राहतं.

पत्र्याचं तसं नाही. या गाडीला जीप-ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. खालचा पत्रा, दाराखालच्या सिल (उंबऱ्यासारखे पोकळ पत्रे), पुढच्या-मागच्या पेट्या हे सगळं मिळूनच सांगाडा होतो. त्यामुळे दाराखालची सिल गंजली म्हणजे नुसती शोभा गेली असं नाही, गाडीचा कणाच मऊ झाला. त्यात तुमची गाडी गोठ्याशेजारी आहे. जनावरांच्या मुताचा अमोनिया, खालची ओल धरणारी माती आणि पावसाळ्यात न हलणारी हवा, यांनी पत्रा खालून खाल्ला जातो. वरून रंग छान दिसतो, म्हणून फसगत होते.

म्हणून पहिल्या खेपेला पाना नको. एक जाडसर स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, लोहचुंबक आणि मोबाइल एवढंच घेऊन जा. मास्क आणि हातमोजेही घ्या, कारण आत उंदीर राहून गेलेले असणारच आणि त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. चटया उचलून पायाखालचा पत्रा पाहा. दाराखालच्या सिल, दारांची खालची कड, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, पुढच्या-मागच्या काचांच्या रबराखालचा भाग, आणि मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे बॉडीला टांगलेत त्या जागा, सगळीकडे स्क्रू ड्रायव्हरने जोर देऊन टोचा. आवाज टणक आला तर उत्तम. टोक आत घुसलं तर तिथे पत्रा बदलावा लागेल. चुंबक जिथे धरत नाही तिथे पूर्वी कोणीतरी पुट्टी भरून ठेवली आहे. प्रत्येक जागेचा फोटो काढा. पाट्यांच्या जागा आणि दोन्ही सिल शाबूत असतील, तर बाकी काहीही असो, गाडी करा. फक्त पायाखालचा पत्रा गेला असेल तरी करा, ते काम गल्लीतला चांगला डेंटरही करतो.

दोन्ही सिल, पाट्यांच्या जागा आणि छताला धरणारे खांब तिन्ही कुजले असतील तर मन घट्ट करावं लागेल. अशी गाडी उभी करायची म्हणजे नवी बॉडी घडवण्यासारखंच आहे. तेव्हा ती पद्मिनीच करणाऱ्या दुसऱ्या एखाद्याला अख्खी द्यावी. तिच्या काचा, दारं, मीटर, हँडल यांच्यावर आणखी दोन गाड्या जगतील. २००० च्या सुमाराला उत्पादन थांबलं, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही वीस वर्षांची मुदत संपली. म्हणजे सुट्या भागांचा जो साठा टॅक्सींमुळे फिरत होता तो आता आटत जाणार आहे. कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यातली नाना पेठ इथे अजून पुष्कळ मिळतं, पण ट्रिमच्या पट्ट्या, दिव्यांच्या रिंगा, मूळ काचा अशा गोष्टी दिसतील तेव्हाच घेऊन ठेवा.

आता गाडी सुरू करण्याबद्दल. गावातला कोणीतरी उत्साही माणूस म्हणेल, बॅटरी लावून एक सेल्फ मारून बघू. त्याला हात जोडून थांबवा. इतकी वर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरलेला असतो, रिंगा चिकटलेल्या असतात आणि बेअरिंगवर तेलाचा थेंब नसतो. एका झटक्यात रिंग तुटते आणि जे इंजिन नुसत्या साफसफाईवर चाललं असतं ते पूर्ण उघडावं लागतं. गिअरमध्ये टाकून ढकलणं तर त्याहून वाईट.

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून थोडं थोडं ओता आणि आठवडाभर तसंच राहू द्या. मधूनमधून पुन्हा ओता. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हलकेच पुढे-मागे करून पाहा. किंचित जरी हललं तरी जिंकलात, बाकी धीराचं काम आहे. नाहीच हललं तर पान्याला पाइप लावून जोर करू नका, हेड उतरवून घ्या. हेड अॅल्युमिनियमचं असल्यामुळे त्याचे पाण्याचे मार्ग गंजलेल्या पाण्याने खाल्ले जातात, आणि हे हेड तापून वाकण्याबद्दल तसंही प्रसिद्ध आहे. त्यामुळे ते उतरवून फेसिंग (खालची बाजू मशीनवर सपाट) करून घेतलं आणि नवं गॅसकेट टाकलं तर तो खर्च फुकट जात नाही.

इंजिन हाताने मोकळं फिरायला लागलं की जुनं ऑइल काढा, फिल्टर बदला, नवं ऑइल भरा. प्लग बाहेरच ठेवून सेल्फने थोडं थोडं फिरवा, म्हणजे भार न येता सगळीकडे तेल पोचतं. ऑइलचा दिवा विझला की मगच प्लग लावा. टाकीतलं पेट्रोल वार्निशसारखं घट्ट झालेलं असेल, ते एक थेंबही इंजिनाकडे जाऊ देऊ नका. टाकी उतरवून धुऊन घ्या. पहिल्यांदा सुरू करताना बाटलीत ताजं पेट्रोल घेऊन ते थेट पंपाला जोडा, आणि वाळू किंवा अग्निशामक जवळ ठेवा, कारण जुने रबरी पाइप कुठे गळतील सांगता येत नाही. ते पाइप आणि पंपाचा पडदा बदलायचेच आहेत. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि त्या काळच्या रबराला ते सोसत नाही. इथेनॉल चालेल असाच पाइप मागून घ्या.

हे सगळं करण्यात मजा आहे, म्हणूनच भीती अशी असते की इंजिन सुरू झालं की माणसं हुरळून गाडी रस्त्यावर काढतात आणि ब्रेक तसेच राहतात. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते पाणी आत बसून व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर गंजवतं. रबरी होज बाहेरून धड दिसतात आणि आतून फुगून बंद झालेले असतात. किट बदलून भागवू नका. सिलिंडर आत खरडलेले असतील तर सिलिंडरच नवे घ्या, सगळे होज नवे घ्या, पत्र्याच्या नळ्याही गंजल्या असतील तर बदला. इथे वाचवलेले पैसे मला कधीच पटणार नाहीत. त्या गाडीत तुमची मुलं बसणार आहेत.

टायरचंही तेच. मूळ माप ५.२०-१४. त्यावर नक्षी कितीही शिल्लक असली तरी ते फक्त गाडी ढकलण्यापुरते. बाजूवरच्या तारखेच्या कोडात चारऐवजी तीनच आकडे दिसले तर टायर २००० च्या आधीचा आहे. शेडमधून गाडी काढताना चाकं जाम असतील, कारण ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. ड्रमवर लाकडी हातोड्याने सगळीकडून ठोकलं की बहुतेक वेळा सुटतात. दोरीने ओढत आणू नका. गाडीला ब्रेक नाहीत. सपाट ट्रकवर चढवून आणा.

डेंटरकडे देण्याआधी दोन गोष्टी त्याच्याशी बोलून घ्या. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीला आतून लोखंडी पट्टीचा आधार वेल्ड करायला सांगा. नाहीतर कापल्यावर बॉडी बसते आणि नंतर दारं कधीच नीट लागत नाहीत. दुसरं, चेसिस नंबर जिथे ठोकलेला आहे तिथे ग्राइंडर, पुट्टी, रंग काहीही लागू देऊ नका. काम सुरू होण्याआधीच त्या नंबरची पेन्सिलने कागदावर छाप घ्या आणि आरसी बुकाशी अक्षर-अक्षर जुळवा. इंजिन नंबरही जुळवा, कारण त्या काळात इंजिन बदललेल्या गाड्या पुष्कळ होत्या आणि नोंद मात्र राहून जायची.

कागदपत्रांचा विषय निघालाच आहे तर ते काम पत्र्याच्या तपासणीबरोबरच सुरू करा, कारण त्याला वेळ लागतो. गाडी आजोबांच्या नावावर आहे, म्हणजे वारसाने हस्तांतरणासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि इतर वारसांची संमती लागेल. भावाभावांत बोलणं आधी होऊ द्या. गाडी चमकल्यावर हक्क सांगायला माणसं येतात आणि घरात कडवटपणा येतो. तीन अक्षरी जुन्या नंबराची नोंद संगणकात नसण्याची शक्यता मोठी आहे. तसं असेल तर आरटीओत मूळ पुस्तक दाखवून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. मग फॉर्म २५ भरून नोंदणीचं नूतनीकरण आणि पासिंग. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये आहे, पर्यावरण कर आणि उशिराचा भुर्दंड वेगळा. पाच वर्षांसाठी मंजुरी मिळते. त्याखेरीज विमा, पीयूसी आणि नवी एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेट.

कोणी म्हणेल व्हिंटेज नोंदणी करा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीला ५० वर्षं व्हावी लागतात, म्हणजे तुमची गाडी २०२८ मध्ये बसेल. शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तुम्ही लिहिलंय की सणाला गावी तिच्यातूनच जायचंय. मग साधी नोंदणीच ठेवा.

खर्चाचा आकडा मी देणार नाही, कारण पत्रा टोचल्याशिवाय सांगितलेला कुठलाही आकडा खोटा असतो. मात्र एकदम सगळं काढू नका. आधी कागद, पत्रा, ब्रेक, वायरिंग (उंदरांनी खाल्लेलं असेल तर जोड देत बसू नका, पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरांचा जुडगा, नवा घाला), इंजिन, टायर. एवढं करून गाडी वर्षभर तशीच चालवा. रंग, क्रोम आणि सीटचं काम त्यानंतर. मी कित्येक गाड्या अशा पाहिल्या की आधी सुंदर रंगवल्या आणि मग ब्रेकला पैसे उरले नाहीत म्हणून कव्हरखाली गेल्या.

आणि सगळं नवं करू नका, ही माझी कळकळीची विनंती. आजोबांचा हात लागून गुळगुळीत झालेला हँडल गिअरचा दांडा, डॅशबोर्डवर त्यांनी लावलेली देवाची तसबीर, काचेवरचा जुना टॅक्सचा कागद, हे कुठल्याही दुकानात मिळत नाही. रेक्झिन फाटलं असेल तर तेवढंच शिवून घ्या. काढलेला प्रत्येक नट-बोल्ट पिशवीत घालून वर नाव लिहा, मोडका भागही टाकू नका. नवा भाग बसत नाही तेव्हा नमुना म्हणून तोच कामाला येतो.

मेकॅनिक शोधताना टॅक्सीवर हात बसलेला वयस्कर माणूस मिळाला तर त्याला सोडू नका, आणि कोणा तरुणाला त्याच्याशेजारी उभं करा. पॉइंटचा (प्लगला ठिणगी देणाऱ्या जोडणीचा) गॅप कानाने लावणारी ही पिढी आता निवृत्त होतेय. शक्य असेल तर तुम्हीही सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन बसा.

गाडी सुरू झाली की पहिले काही आठवडे गावाबाहेर नेऊ नका. पाचशे किलोमीटरच्या आत ऑइल पुन्हा बदला, हेडचे नट आणि टॅपेट (व्हॉल्व्हमधली फट) पुन्हा तपासून घ्या, पुढच्या सस्पेन्शनच्या सगळ्या निपलांना ग्रीस भरा. डिकीत फॅन बेल्ट, पॉइंट-कंडेन्सरचा एक सेट आणि पाण्याचा कॅन कायम ठेवा. पुण्याहून गावी जाताना खंबाटकीचा घाट आहे, तिथे तापमानाच्या काट्यावर नजर असू द्या. काटा चढू लागला तर लगेच बाजूला थांबा आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. सिल आणि पाट्यांच्या जागांचे फोटो काढलेत की इथे टाका, पाहून सांगतो.