पित्ताशय काढलं, तरी पित्त होतं कसं?

प्रश्न असा आहे : "आईच्या पित्ताशयात खडे झाले म्हणून पित्ताशयच काढून टाकलं. तरी तिला पित्त होतंच. मुलीच्या पुस्तकात पित्तरस आम्लारिधर्मी असतो असं लिहिलंय, आणि आपण तर आंबट ढेकर आली की पित्त झालं म्हणतो. मग चुकतंय कोण? पुस्तक, आई की आपली भाषा? आणि पित्ताशयाला ग्रंथी म्हणायचं का?"

कोणीच चुकत नाही. आईला होतं ते पित्त आणि पित्ताशयात साठायचं ते पित्त, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, फक्त नाव एक. आणि नाव एक असूनही घरात कधी घोटाळा होत नाही, कारण मराठीत 'पित्त'चा अर्थ नामावर ठरतच नाही. तो ठरतो पुढच्या क्रियापदावर.

बघा. पित्त होतं किंवा वाढतं, तेव्हा छातीत जळजळतं, आंबट ढेकरा येतात, कपाळ ठणकतं. पित्त पडतं म्हणजे उलटी होते, आणि बहुतेकदा त्यानंतर बरं वाटतं. पित्त उठतं तेव्हा अंगावर लाल गांधी येतात, खाज सुटते, आणि घरातलं कोणीतरी आमसुलं भिजत घालून ते पाणी अंगाला चोळायला सांगतं. पित्त खवळतं तेव्हा समोरच्याने काढता पाय घ्यावा. पित्त फुटतं ते मासे किंवा कोंबडी साफ करताना. आणि पित्त स्रवतं, ते मात्र फक्त पाठ्यपुस्तकात. 'आज माझं पित्त चांगलं स्रवलं' असं कोणी बोलल्याचं ऐकलंय?

यातल्या कोणत्या क्रियापदाचं यकृतात तयार होणाऱ्या द्रवाशी सरळ नातं आहे? फुटण्याचं आणि स्रवण्याचं. पडण्याचं अर्धंमुर्धं. होणं, वाढणं, उठणं, खवळणं यांचा त्या द्रवाशी संबंध नाही.

हे पारखून बघायची एक सोपी युक्ती आहे. 'पित्त'च्या जागी 'अ‍ॅसिडिटी' घाला. 'मला अ‍ॅसिडिटी झालीय', 'अ‍ॅसिडिटी वाढलीय' ही वाक्यं आता घराघरांत बोलली जातात. पण 'अंगावर अ‍ॅसिडिटी उठलीय' किंवा 'साहेबांची अ‍ॅसिडिटी खवळली' असं कोणी म्हणत नाही, आणि पापलेट कापताना अ‍ॅसिडिटी फुटत नाही. बाहेरून आलेल्या शब्दाने जुन्या शब्दाच्या सहा खोल्यांपैकी एकच भाड्याने घेतली. बोलणाऱ्यांना त्या खोल्या वेगळ्या आहेत हे आधीपासून माहीत होतं, याचा याहून चांगला पुरावा नाही.

आता शरीरात डोकावू, म्हणजे आईचं कोडं सुटेल.

आईला 'होतं' ते जठरात. जठराच्या आतल्या अस्तरात सूक्ष्म ग्रंथी असतात, त्या हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात. ते हायड्रोक्लोरिकच आहे हे विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरने १८२३ मध्ये दाखवलं. त्याचा पीएच (आम्लता मोजायचं माप : सातच्या खाली आम्ल, वर आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट) साधारण १.५ ते ३.५, म्हणजे चांगलंच जहाल. जठराला त्याची सवय असते, कारण आतून चिकट श्लेष्म्याचा थर असतो. अन्ननलिकेला तसं संरक्षण नाही. आम्ल वर आलं की जळतं ते तिथे. आणि गंमत म्हणजे या जठरग्रंथी 'सहायक ग्रंथीं'मध्ये मोडतही नाहीत. सहायक म्हणायचं ते तोंडापासून आतड्यापर्यंतच्या अन्नमार्गाबाहेर बसून, नळीतून आपला रस त्यात आणून सोडणाऱ्यांना : तोंडाशी लाळग्रंथींच्या तीन जोड्या, खाली यकृत आणि स्वादुपिंड. जठराच्या ग्रंथी भिंतीतच असतात, त्यांना नळीची गरज नाही.

पुस्तकातलं पित्त यकृताचं. प्रौढ माणसाचं यकृत दीडेक किलोचं, शरीरातली सर्वांत मोठी ग्रंथी, उजव्या बरगड्यांखाली. त्याच्या पेशी रात्रंदिवस पित्तरस बनवत असतात, दिवसाला अर्धा ते एक लिटर. रचना पाहण्यासारखी आहे. यकृताच्या प्रत्येक इवल्या षट्कोनी खंडिकेत रक्त कडेकडून मध्याकडे वाहतं आणि पित्त मध्याकडून कडेकडे. पेशींच्या एकाच रांगेच्या दोन बाजूंना दोन उलटे प्रवाह, आणि निरोगी यकृतात ते एकमेकांत मिसळत नाहीत. मिसळायला लागले की कावीळ.

पित्तरसाचा हिरवट-पिवळा रंग येतो तो म्हाताऱ्या तांबड्या पेशींमुळे. या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, मग मोडीत निघतात, त्यांच्यातल्या लाल द्रव्यापासून बिलिरुबिन बनतं आणि यकृत ते पित्तात सोडून देतं. आपल्या शौचाचा रंगही त्याचाच. खड्याने वाट अडली की शौच मातकट पांढरं होतं, लघवी गडद होते आणि डोळे पिवळे. (कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं ही म्हण तेवढी खोटी. पिवळा तो दिसतो, जग नाही.)

पित्तरसात पचनाचं विकर (एन्झाइम) एकही नसतं. त्यातले क्षार स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करतात, मग स्वादुपिंडातून आलेलं विकर त्या थेंबांवर काम करतं. आणि तो आंबट नसतो, कडू असतो. पीएच सातच्या वरच. पुस्तक म्हणतं ते आम्लारिधर्मी हेच.

पित्ताशयाचं काम एवढंच की दोन जेवणांच्या मधल्या वेळात हा रस साठवायचा, त्यातलं पाणी शोषून तो दाट करायचा, आणि तेलकट-तुपकट घास लहान आतड्यात पोचला की आकसून तो बाहेर ढकलायचा. नासपतीच्या आकाराची ही पिशवी ७ ते १० सेंटिमीटर लांब, मावतं ३० ते ५० मिलिलिटर. पचवणारा रस ती स्वतः बनवत नाही, म्हणून ती पाचक ग्रंथी नव्हे. शब्दच पाहा : आशय म्हणजे राहण्याची जागा. जलाशय, मूत्राशय, गर्भाशय, तसं पित्ताशय. ही पिशवी काढली तर यकृताचं काम थांबत नाही, रस साठण्याऐवजी थेट आतड्यात झिरपत राहतो. काहींना सुरुवातीला तेलकट खाल्ल्यावर पातळ होतं, ते त्यामुळे. जठरातल्या आम्लाला मात्र या शस्त्रक्रियेने काडीचाही फरक पडत नाही. तेव्हा आईला पित्त 'होत' राहणारच. शस्त्रक्रियेने गेली ती पित्तरसाची पिशवी, 'होणारं' पित्त नव्हे.

मग दोन वेगळ्या द्रवांना एक नाव पडलं कसं? इथे थोडं मागे जावं लागेल, आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो.

अथर्ववेदात त्वचेवरच्या डागांवरच्या एका सूक्तात (१.२४) औषधी वनस्पतीला उद्देशून म्हटलंय की सुपर्ण पक्षी प्रथम जन्मला, त्याचं तू पित्त होतीस. म्हणजे इथे पित्त हा पक्ष्याच्या पोटातला खराखुरा पदार्थ आहे, कोंबडी साफ करणाऱ्याला दिसतो तोच. पुढे आयुर्वेदाने हा शब्द फार मोठा केला. सुश्रुतसंहितेत त्याची व्युत्पत्ती 'तप संतापे' या धातूपासून लावली आहे. व्याकरणाच्या दृष्टीने ती ओढूनताणून वाटते, पण वैद्यांच्या मनात काय होतं ते त्यातून कळतं : पित्त म्हणजे शरीरातली उष्णता, पचवणारी शक्ती. मग त्याचे पाच प्रकार झाले : पाचक, रंजक, साधक, आलोचक, भ्राजक. आलोचक डोळ्यात, भ्राजक त्वचेत, साधक हृदयात. आता हे पित्त एका पिशवीत मावणारं राहिलं नाही. अंगावर 'उठणाऱ्या' आणि डोक्यात 'खवळणाऱ्या' पित्ताची वाट इथून जाते.

आंबटपणाचं मूळही तिथेच आहे. चरकाने पित्ताच्या गुणांत 'अम्ल' सांगितला आहे. सुश्रुताने भेद केला : पित्त मुळात कटुरस, पण विदग्ध झालं, म्हणजे अर्धवट जळलं-आंबलं, की अम्ल. माधवनिदान या रोगनिदानावरच्या जुन्या ग्रंथात तर आम्लपित्त आणि शीतपित्त या दोन रोगांची स्वतंत्र निदानं आहेत. पहिलं आपलं 'होणारं' पित्त, दुसरं 'उठणारं'. बोलण्यात 'आम्ल' आणि 'शीत' ही विशेषणं गळून पडली आणि त्यांचं काम क्रियापदांनी उचललं. माझ्या मते सगळी मेख एवढ्यातच आहे.

जाता जाता : संस्कृतातला 'कटु' म्हणजे आपलं तिखट, आणि 'तिक्त' म्हणजे आपलं कडू. मराठीत 'कटु'चाच 'कडू' झाला आणि तो तिक्ताच्या जागी जाऊन बसला. त्यामुळे 'पित्त कटुरस' वाचून 'अरे वा, कडू पित्तरस त्यांना माहीत होता' असा निष्कर्ष काढू नका. सुश्रुत तिथे मिरीच्या चवीबद्दल बोलतोय.

एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य वैद्यक देशी भाषांत आणायची वेळ आली, तेव्हा यकृताच्या रसाला आणि त्याच्या पिशवीला नावं हवी होती. पित्त आणि पित्ताशय हे शब्द तयारच होते. सुश्रुताच्या आशयांच्या यादीत पित्ताशय आहेच, फक्त तिथे ते पित्ताचं स्थान, आणि आता नेमकी एक हिरवी पिशवी. शब्द योग्य जागी बसला, पण लोकांच्या तोंडचं पित्त तोवर जठरात, त्वचेत आणि डोक्यात कायमचं राहायला गेलं होतं. यकृताच्या रसाला शास्त्रीय लेखनात नुसतं 'पित्त' न म्हणता 'पित्तरस' म्हणायची पद्धत पडली, ती मला फार शहाणपणाची वाटते. नुसतं पित्त लिहिलं असतं तर तुमच्या मुलीचा गोंधळ दुप्पट झाला असता.

कोकणात, गोव्यात मासे निवडणाऱ्या बायकांना मात्र हा गोंधळ कधीच नव्हता. पोट फाडल्यावर काळजाला चिकटलेली गडद हिरवी पिशवी बोटाने हलकेच सोडवून घ्यायची असते. नख लागलं, पिशवी फुटली, तर जिथे तो रस लागेल तिथलं मांस हिरवट पडतं आणि कितीही धुतलं तरी कडूपणा राहतो. 'पित्त फुटलं' म्हणतात ते हे. पाठ्यपुस्तकातला पित्तरस प्रत्यक्ष बघायचा असेल तर प्रयोगशाळेपेक्षा मासळी बाजार जवळ. आणि हो, 'काळीज' इथे यकृतच आहे, जसं मटणाच्या दुकानात कलेजी. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात यकृताला कालखंड असा पर्याय दिलाय, काळा तुकडा. तेच काळीज गाण्यात आणि भांडणात हृदय होऊन धडधडतं, पण ती चर्चा वेगळी, पुन्हा कधी.

राहिलं 'पडणारं' पित्त, ज्याला मी अर्धंमुर्धं म्हटलं. उलट्या होतात तेव्हा आधी अन्न, मग आंबट पाणी : ते आम्ल. पोट रिकामं झालं तरी उमासे थांबले नाहीत की शेवटी पिवळं-हिरवं, जीभ आखडेल इतकं कडू काहीतरी पडतं. ते लहान आतड्यातून उलटं जठरात चढलेलं, यकृताचं पित्त. लोकांच्या भाषेतलं आणि पुस्तकातलं पित्त एकाच तस्तात पडतं ते इथे. उलटीच्या आधी तोंडाला पाणी सुटतं ना, ते लाळग्रंथींचं काम. लाळ सौम्य आम्लारिधर्मी होते आणि वर येणाऱ्या आम्लापासून तोंड-दात थोडेफार वाचतात.

स्वादुपिंडाचं एक सांगायला हवं, कारण 'होणाऱ्या' पित्ताचा खरा उतारा त्याच्याकडे असतो. जठरातलं आम्ल लहान आतड्यात उतरलं की आतड्याची भिंत एक संदेशद्रव्य रक्तात सोडते, स्वादुपिंड ते ओळखतं आणि बायकार्बोनेटने भरलेला रस सोडून आम्ल मारून टाकतं. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी १९०२ साली हे संदेशद्रव्य शोधलं, नाव दिलं सिक्रेटिन. संप्रेरक (हार्मोन) म्हणून ओळखलं गेलेलं हे पहिलंच द्रव्य. आपली अँटासिडची गोळी करते तेच, फक्त स्वादुपिंड ते प्रत्येक जेवणानंतर न सांगता करतं आणि आतड्यात करतं, छातीपर्यंत त्याची पोच नाही.

एका ठिकाणी मात्र आपला हा सैल शब्द महागात पडू शकतो. पित्ताशयातल्या खड्यांचं दुखणं जेवणानंतर, विशेषतः तेलकट जेवणानंतर, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी उठतं, कधी उजव्या खांद्याच्या पात्याकडे जातं. 'पित्त झालंय' म्हणून लोक महिनोन्‌महिने गोळ्या खात राहतात. खरोखरच्या पित्ताचा आजार, आणि तो दुसऱ्याच पित्ताच्या नावाखाली झाकला जातो. छातीतल्या दुखण्याचंही तसंच, हृदयविकाराचा झटका पित्तावर ढकलून झोपलेले लोक आपण सगळ्यांनी ऐकलेत.

म्हणून आईला डॉक्टरकडे नेलंत तर 'पित्त होतं' एवढ्यावर थांबू नका. जळजळ छातीच्या मागे की पोटात, जेवणाआधी की नंतर, ढेकर आंबट की उलटी कडू, शौचाचा रंग काय, हे सांगा. पित्ताशय काढल्यावर थोड्या लोकांत पित्तरस जठरात उलटा येण्याचा त्रास होतो, तेव्हा कडू आणि आंबट यांतला फरक तिच्या बाबतीत खरोखर कामाचा आहे.