अप्रेझ नीट वाचायचं कसं? ड्रॅगनरेल्म्समधल्या शस्त्रांबद्दल तुमचे प्रश्न

ड्रॅगनरेल्म्स हा ऑनलाइन गेम १९९६ पासून चालू आहे आणि सगळा गेम शब्दांवर आहे, चित्रं नाहीत. म्हणजे तलवार हातात आली तरी तिची धार दिसत नाही, दिसतात ती अप्रेझ, म्हणजे वस्तू पारखायच्या कमांडने आलेली चार वाक्यं. ती वाचताना बहुतेकजण पहिल्या ओळीवरच थांबतात, आणि यावेळचे निम्मे प्रश्न त्यातूनच आलेत.

प्रश्न : माझ्या तलवारीचा स्लाइस डॅमेज हेवी आहे, मित्राच्या तलवारीचा मॉडरेटच. तरी तो माझ्या आधी शत्रू पाडतो. असं कसं?

आधी शब्दांची शिडी डोक्यात बसवून घ्या. खालून वर जाताना पुअर, लो, फेअर, मॉडरेट, हेवी, ग्रेट, सिव्हिअर, आणि त्याच्याही वर आणखी आहेत. मधेमधे 'समव्हॉट' आणि 'व्हेरी' लावून अर्ध्या पायऱ्या येतात, म्हणजे समव्हॉट हेवी हे हेवीच्या खाली आणि मॉडरेटच्या वर. तर हेवी आणि मॉडरेट यात फरक आहेच, पण फार मोठी दरी नाही.

आता डॅमेज तीन प्रकारचा असतो, पंक्चर म्हणजे भोसकणं, स्लाइस म्हणजे कापणं आणि इम्पॅक्ट म्हणजे ठोसण्याचा मार, आणि तुम्ही कोणता वार करता त्यावर कोणता आकडा कामाला येणार ते ठरतं. तुम्ही सारखं थ्रस्ट, म्हणजे भोसकायचा वार, मारत असाल तर तुमच्या तलवारीचा हेवी स्लाइस बहुतेक वेळ म्यानातच पडून राहतो, कामाला येतो तो तिचा पंक्चर, आणि तोच नेमका लो असेल तर मित्र पुढे जाणारच ना!

समजा दोन तलवारी अशा आहेत. पहिली : लो पंक्चर, हेवी स्लाइस, मॉडरेट इम्पॅक्ट, बॅलन्स 'पुअरली' म्हणजे वाईट, वजन ७० स्टोन (गेममधलं वजनाचं माप). दुसरी : फेअर पंक्चर, मॉडरेट स्लाइस, लो इम्पॅक्ट, बॅलन्स 'वेल' म्हणजे चांगला, वजन ४० स्टोन. पहिली मोठा घाव घालते पण नेम चुकतो, शिवाय जड म्हणून दम लवकर जातो आणि ताकद कमी असेल तर राउंडटाइमही, म्हणजे एका वारानंतर पुढच्या वारापर्यंतचा थांबा, वाढतो. दुसरीने तेवढ्यात जास्त वार बसतात. तुमचं पात्र नवीन असेल तर मी बिनधास्त दुसरी घ्या म्हणेन, कारण लागलेला मॉडरेट हा हुकलेल्या ग्रेटपेक्षा कधीही चांगला.

प्रश्न : बॅलन्स आणि 'सूटेड' यात नेमका काय फरक? माझं पात्र हाफलिंग वंशाचं आहे, ताकद कमी, चपळाई भरपूर.

अप्रेझच्या शेवटच्या वाक्यात दोन्ही एका दमात येतात म्हणून गोंधळ होतो. बॅलन्स म्हणजे शस्त्र हातात किती सरळ चालतं, वार किती अचूक बसतो. सूटेड म्हणजे तुमच्या अंगातल्या ताकदीतून ते जादा मार किती उचलतं. तुमच्या ताकदीतच फार काही नसेल तर सूटेड कितीही चांगलं असलं तरी हाती थोडंच लागणार. तुम्ही बॅलन्स आणि वजन बघा, सूटेड नंतर. गॉर'टॉग या दणकट वंशाचं पात्र असणाऱ्यांनी नेमकं उलटं करायचं, अंगात एवढी ताकद असताना सूटेड कमी असलेलं शस्त्र घेणं म्हणजे ती ताकद वाया घालवणं, आणि मला ते खरंच बघवत नाही.

प्रश्न : मी आणि गटातल्या एकाने तेच शस्त्र अप्रेझ केलं, आम्हाला वेगवेगळे शब्द आले. बग आहे का?

नाही, बग नाही. अप्रेझल हे स्वतः एक स्किल आहे, आणि ते कच्चं असेल तर अंदाजही कच्चा येतो. वाक्याच्या सुरुवातीला लक्ष द्या, 'यू आर सर्टन' येतं तेव्हाच खात्री धरायची, नुसता अंदाज असल्यासारखं वाक्य आलं तर पुढचे शब्द एखादी पायरी इकडेतिकडे असू शकतात. माझं स्किल अगदी कमी असताना मी घाईत अप्रेझ क्विक करून एक दुहेरी हाताची तलवार घेतली होती, वजन मला दिसलं त्यापेक्षा बरंच जास्त निघालं आणि दोनतीन वार केले की दम संपायचा. तेव्हापासून पैसे मोजायच्या आधी अप्रेझ केअरफुल, वेळ जास्त लागतो, लागू दे. आणि दोन शस्त्रांची तुलना करायची तर दोन्ही एकाच माणसाने अप्रेझ करावीत, नाहीतर तुम्ही तलवारी नाही, दोघांची स्किल्सच तोलताय.

प्रश्न : किंमत जास्त म्हणजे क्वालिटी जास्त, असं धरून चालेल का?

नाही. अप्रेझमध्ये दिसणारी किंमत विक्रीसाठी उपयोगी, मारामारीसाठी नाही. महाग धातूने किंमत वाढते, पण तो धातू जड असेल तर तुमच्या हातात ते शस्त्र वाईटच चालेल. आणि किमती बघताना चलन बघायला विसरू नका. गेममधल्या शहरांत चलन वेगवेगळं आहे, क्रॉसिंगला क्रोनार, रिव्हरहेवनला लिरम, शार्डला डोकोरा चालतात, आणि तोच माल तिकडे कमी आकड्यात दिसतो कारण १००० क्रोनारचे साधारण ८०० लिरम किंवा ७२१ डोकोरा होतात. स्वस्त मिळाली म्हणून उडी मारण्याआधी एवढं गणित करा.

प्रश्न : जुनं शस्त्र घेतलं तर काय बघायचं?

दोन गोष्टी : ते मुळात किती टिकाऊ आहे आणि आत्ता कुठल्या अवस्थेत आहे. अवस्था खराब असेल तर दुरुस्त करून मिळते, क्रॉसिंगला कॅट्रॉक्स या लोहाराच्या भट्टीत देऊन या, थोडा वेळ थांबावं लागेल. टिकाऊपणा मात्र दुरुस्तीने वाढत नाही, तो कमी असेल तर ते पुन्हा पुन्हा भट्टीतच जाणार, म्हणून मी सौदा करताना टिकाऊपणा आधी बघतो.

प्रश्न : पंक्चर ग्रेट आहे, बॅलन्सही मस्त, तरी भुताला काहीच होत नाही. शस्त्र खराब आहे का?

शस्त्र ठीक आहे हो. शरीर नसलेल्या भुताला साध्या पोलादाने इजा होत नाही, मग शब्द कितीही मोठा असू दे. ओळखीच्या क्लेरिकला (पुजारी वर्गातल्या खेळाडूला) गाठा, त्याच्या मंत्राने शस्त्र ब्लेस करून घ्या आणि मग जा, पण तो ब्लेस कायमचा नसतो, लढाईच्या मधेच संपतो, तेव्हा शक्यतो क्लेरिकलाच सोबत न्या.