पॅनेलच्या आधी पाणी

प्रिय बाय,

तुझे पत्र मिळाले. सौर पॅनेल किती वॅटचे, बॅटरी कोणती, इन्व्हर्टर कुठून घ्यावा, असे प्रश्न तू ओळीने विचारले आहेस. विजेच्या तारेशिवाय राहायचे ठरवलेस, दोन मुले आहेत, आणखी दोन-तीन व्हावीत असे तुम्हा दोघांना वाटते, सोबत मैत्रिणींची दोन कुटुंबे येणार आहेत. वाचून फार बरे वाटले. गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या या डोंगरपट्ट्यात एकेक दार बंद होत चाललेय, आणि तुम्ही पोरे घेऊन वर यायला निघालात. पण तुझ्या सबंध पत्रात थोरल्या मुलीचा उल्लेख एकदाच आला: "ती आता आठ वर्षांची झाली, खूप मदत करते." त्या वाक्यापाशी मी थबकले. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते.

मी सात भावंडांतली थोरली. घरात पोरे जास्त आणि पाणी-दिवा दारात नसला की आईला हाताखाली आणखी एक आई लागते, आणि ती नेहमी थोरली मुलगीच असते. झरीवरचे पाणी तिने आणायचे, जळण तिने गोळा करायचे, धाकटे रडले की कडेवरही तिनेच घ्यायचे. गोवा पोर्तुगिजांपासून मुक्त झाल्यावर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव मराठी शाळा काढल्या. आमच्या गावातही एक आली. भाऊ पाटी घेऊन आत बसायचे आणि मी धाकट्याला कडेवर घेऊन दारातून ऐकायची. आईला मी दोष देत नाही. तिला दोनच हात होते आणि दिवस तेवढाच होता. पण पुढे माझी स्वतःची पाच मुले वाढवताना मी एकच गोष्ट मनाशी धरली होती: माझी थोरली वर्गात आत बसेल. त्यासाठी काय काय लागते ते तुला सांगते.

सगळ्यात आधी पाणी. सात माणसांच्या घराला प्यायला, रांधायला, अंघोळीला आणि धुण्याला काटकसरीने वापरले तरी रोज तीनशे लिटरच्या पुढे पाणी जाते. पंधरा लिटरची कळशी धरलीस तर वीसहून जास्त खेपा होतात, आणि त्यातल्या निम्म्या कुणाच्या वाट्याला येणार हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून हातातले पहिले पैसे झरीपासून घरापर्यंतच्या पाइपात घाल. झर घरापेक्षा उंचावर असेल तर पंपाचीही गरज नाही, पाणी आपसूक उतरते. झर दसऱ्याला पाहून भुलू नकोस. तेव्हा सगळ्याच झरी वाहत असतात. वैशाखात जा, वीस लिटरची बादली तोंडाखाली धर आणि घड्याळ बघ. भरायला दहा मिनिटे लागली तरी घाबरू नकोस. दिवस-रात्र मिळून ते अठ्ठावीसशे लिटरच्या वर होते. फक्त ते साठवणारी टाकी हवी. आणि आपली जमीन जांभ्याची, भोकाभोकांची. तिच्यातून घाण झपाट्याने पाझरते. संडासाचे खड्डे झरीच्या आणि विहिरीच्या खालच्या अंगाला, निदान तीस मीटर लांब ठेव, आणि पावसात पिण्याचे पाणी उकळल्याशिवाय मुलांना देऊ नकोस.

दुसरा खर्च चुलीवर. शेणाचा गॅस चांगला, पण आधी हिशोब बघ. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण लागते. आपली गावठी गाय दिवसाला आठ-दहा किलो देते, आणि ती रानात चरायला गेली की त्यातले निम्मे रानातच राहते. तेव्हा सहा गायी गोठ्यात बांधणार नसशील तर छोटे, एक घनमीटरचे बांध. दूध-चहा आणि मुलांची सकाळची पेज त्यावर होईल. न्हाणीतले अंघोळीच्या पाण्याचे भाण लाकडावर तापू दे. एक सिलिंडरही घरात ठेव. त्यात कमीपणा काही नाही. ओल्या लाकडाच्या धुरात तान्ह्या मुलाला खोकत ठेवण्यापेक्षा ते कितीतरी चांगले.

आता तुझी पॅनेल. एक किलोवॅटची पॅनेल डिसेंबर ते मे दिवसाला चारेक युनिट देतील. एलईडी दिवे, मोबाइल, दोन पंखे, एवढ्याला ते भरपूर आहे. पण आषाढात, सलग आठ दिवस आभाळ उघडत नाही तेव्हा, त्याच्या पावपटही हाती लागणार नाही. बॅटरी दुप्पट करून हा प्रश्न सुटत नाही, कारण ती भरायची कशाने? तुमच्या जागेत ओहोळ आहे म्हणतेस ना, मग पावसाळ्यासाठी त्याच्यावर छोटे टर्बाइन बसव. दहा मीटर उंचीवरून सेकंदाला पाच लिटर पाणी पाइपातून खाली आणले तर निम्मी ताकद वाया गेली धरूनही अडीचशे वॅट मिळतात, आणि ते रात्रंदिवस चालू असल्यामुळे दिवसाला सहा युनिट होतात. ऊन जाते तेव्हा ओहोळ येतो, ओहोळ आटतो तेव्हा ऊन असते. मात्र ओहोळाचे पाणी खाली कुणाच्या कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, पाटात जाते ते आधी विचार. टर्बाइनमधून सुटलेले पाणी त्या पाटाच्या वर परत ओहोळात पडलेच पाहिजे. याबाबतीत न विचारता काही केलेस तर तुमचे आणि खालच्या घराचे संबंध पिढ्यान्‌पिढ्या बिघडतील.

रात्रीचे एक सांगते, ते नीट ऐक. पोरे जास्त असली की सगळी एका ओळीने जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री घरात शिरते आणि झोपलेल्याला चावते. दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणते, पापण्या मिटू लागतात, आणि आईला वाटते झोप उरलीय. म्हणून खाटा किंवा उंच फळ्या कर आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोच. असा संशय आला तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे काही करायचे नाही. मुलाला हलू न देता थेट दवाखान्यात न्यायचे. १०८ ला फोन लावायचा तर रेंज अंगणात कुठे मिळते ते घरातल्या प्रत्येक मुलाला माहीत हवे. तसेच २०१५ साली सत्तरीत माकडताप आला, तो गोचिडांमधून पसरतो. मेलेल्या माकडाजवळ मुलांना जाऊ द्यायचे नाही, आणि जानेवारीपासून पाऊस येईपर्यंत गोठ्यासाठी पाचोळा आणायला त्यांना पाठवायचे नाही.

आणखी मुले हवीत, ती होवोत. पण एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहण्यात निदान दोन वर्षे जाऊ दे. अंगातले रक्त भरून यायला तेवढा वेळ लागतो, आणि अशक्त आईचे काम शेवटी थोरलीवरच येऊन पडते. तारीख आषाढ-श्रावणातली असेल तर पंधरा दिवस आधीच खाली, दवाखान्याच्या जवळ येऊन राहा. त्या दिवसांत ओहोळांना पूर आला की वाट बंद होते. बाळंतपण घरी करायचा हट्ट धरू नकोस. डोंगरातल्या बायकांनी दवाखान्याची वाट फार वर्षे पाहिली आहे.

शाळेबद्दल तू लिहिलेस की घरीच शिकवू. तुझी विद्वत्ता मी जाणते, तरीही खालच्या वाड्यावरच्या, म्हणजे खालच्या वस्तीतल्या, सरकारी शाळेत मुले घाल. आज कितीतरी शाळा पटावर मुले नाहीत म्हणून बंद होताहेत. तुमच्या तीन घरांतली पोरे आली तर तिथल्या एकशिक्षकी शाळेचे दार उघडे राहील, आणि शेजारच्या धनगराच्या मुलीलाही त्या दारातून आत जाता येईल. रानाचे शिक्षण तुझ्याकडे आहेच. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळे-पाने आणायला, रानात गेलात की कांगले, घागऱ्या, शेरवड कुठे मिळतात आणि लालभडक कवंडळ तोंडात का घालायचे नाही, हे मुले न शिकवता शिकतील.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही तीन कुटुंबांची वस्ती करणार. फार चांगला बेत आहे, पण तीन घरांचा वाडा होत नाही. तिन्ही घरांतल्या बायकांना एकाच वर्षात तान्ही मुले असतील, तिन्ही घरी एकाच आठवड्यात ताप येईल. अशा वेळी ज्यांची मुले मोठी झाली आहेत अशा बायका लागतात, दुपारी ओसरीवर बसलेली म्हातारी माणसे लागतात. ती खालच्या वाड्यावर आहेत. त्यांच्यात जा. गेल्यावर पहिल्याने गावच्या देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणे, म्हणजे देवाला मोठ्याने घालायचे साकडे, घालायला सांग. देवावर विश्वास किती हा प्रश्न नाही, आम्ही इथे राहायला आलो हे गावाला सांगायची ती रीत आहे. लावणीच्या दिवसांत न बोलावता त्यांच्या शेतात उतर. एक दिवस त्यांच्याकडे गेलीस की एक दिवस ती तुझ्याकडे येतील. तांदूळ त्यांच्याकडून घे, भाव पाडू नकोस. पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना भिरंडाची (कोकमाची) सोले, सुकी मासळी, उकडे तांदूळ काय किती लागते ते त्यांना विचार. सल्ला मागितला की माणूस जवळ येतो. आणि कुणी फणस दिला तर रिकामे ताट परत पाठवू नकोस, पण फेडही लगेच करू नकोस. थोडे देणे अंगावर राहू दे. ज्याचे कुणाशी काही देणे-घेणे उरलेले नाही त्याच्याकडे कुणी सहज येत नाही.

पौषात धालो, म्हणजे बायकांची नाच-गाणी, असतात. रात्री मांडावर, त्या नाचाच्या ठरलेल्या अंगणात, बायका जमतात तेव्हा तू जायचेस, आणि मुलांजवळ नवऱ्याने थांबायचे. ते तुझ्या मौजेसाठी आहेच, पण त्याहून एक मोठे कारण आहे. मांडावर ज्यांच्या हातात हात घालून तू नाचशील, त्याच बायका तुझ्या आजारपणात तुझ्या चुलीपाशी येऊन उभ्या राहतील. माझ्या थोरलीची दहावीची परीक्षा होती त्या महिन्यात मी हिवतापाने अंथरुणाला खिळले होते. शेजारच्या दोन घरांनी धाकट्यांना आपल्याकडे नेले, जेवू घातले, झोपवले. पोर एकाही पेपराला चुकली नाही. असा शेजार पैशाने उभा करता येत नाही, त्याला वर्षे लागतात. म्हणून आजच सुरुवात कर.

तुम्हा तिघींच्या चुली वेगळ्या ठेवा. शेती, गायी, टर्बाइन एकत्र असू दे, पण रांधणे एकत्र केलेत की वर्षभरात भांडण ठरलेले. आणि घरात कामाची वाटणी वयाने कर, मुलगा-मुलगी पाहून नको. तुझा धाकटा सहाचा झाला की कोंबड्या त्याच्या. थोरलीला रोज दोन तास असे दे की त्या वेळेत तिला कुणी हाक मारायची नाही, तूसुद्धा नाही.

कागदाचे थोडक्यात सांगते. जागा म्हादई अभयारण्यात, म्हणजे १९९९ साली जाहीर झालेल्या हद्दीत येते का ते आधी पाहा. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नावे कोणाची आणि किती, कूळ कोण, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) कोण, हे तपासल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नका. घर बांधायचे तर सनद, म्हणजे शेतजमीन घरासाठी वापरायची सरकारी परवानगी, लागते. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकायला २०२३ च्या कायद्याने बंदी आली आहे. आणि आपल्या गोव्याच्या कायद्यात मालमत्तेचा निम्मा भाग मुलांचा राखीव असतो, मृत्युपत्राने तो दुसऱ्याला देता येत नाही. तिन्ही कुटुंबांनी जमीन एकत्र घेतलीत तर पुढे दहा-बारा मुलांची नावे त्या उताऱ्यावर येतील. म्हणून वाटे सुरुवातीलाच वकिलाकडून लिहून घ्या.

पॅनेलची ऑर्डर अजून दिली नसशील तर थांब. या वैशाखात झर मोजायला ये, आमच्याकडेच उतर, मी वाड्यावरच्या दोघीतिघींना सांगून ठेवते. येताना थोरलीलाही आण, आणि तिची पुस्तके विसरू नकोस.

तुझी,
काकी