केमो चालू असताना मुलीला खोकला आला, तर गणेश चवथीपर्यंत घरीच थांबून पाहावं का?

तुम्ही लिहिलंय, मुलगी चार वर्षांची, ल्युकेमियाची (रक्ताच्या कर्करोगाची) केमो चालू, दोन दिवस कोरडा खोकला, अंग थोडं गरम. चवथ होईपर्यंत काढा आणि वाफ देऊन बघू का? नका थांबू. तिची केमो जिथे चालू आहे त्या वॉर्डात आत्ताच फोन करा. मी डॉक्टर नाही, गोव्यातल्या डिचोलीचा एक बाप आहे. मुलाची केमो बांबोळीच्या इस्पितळात झाली, तेव्हा जे कळलं ते सांगतो.

छातीत घरघर, पिवळा कफ, सणसणून ताप म्हणजे न्यूमोनिया, हा आपला हिशोब या मुलांना लागू पडत नाही. कफात जो पू असतो तो मुख्यतः पांढऱ्या पेशींचा, आणि केमोने त्याच खाली आणलेल्या असतात. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली असतील तर संसर्ग वाढत असूनही कफ जवळपास नसतो, पहिला एक्सरेसुद्धा स्वच्छ दिसू शकतो. स्टिरॉइड चालू असेल तर तापही दबतो.

म्हणून श्वास मोजा. झोपेत किंवा शांत असताना, घड्याळ लावून पूर्ण मिनिट. या वयात ४० किंवा जास्त म्हणजे जलद. फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर वाटले, तर थेट १०८.

ताप काखेत मोजा, गुदद्वारात थर्मामीटर नको. १००.४ फॅरनहाइट दिसला की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. आधी पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो. पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं.

सेप्ट्रान हे अँटिबायोटिक आठवड्यातून दोन-तीन दिवस लिहून दिलं असेल, तर ‘पोर बरी आहे’ म्हणून चुकवू नका. न्यूमोसिस्टिस नावाचा न्यूमोनिया त्यानेच टळतो. त्यात कोरडा खोकला, धाप आणि घसरणारा ऑक्सिजन, एवढंच दिसतं.

आणि आपल्याकडची बुरशी! तिचाही संसर्ग या मुलांच्या फुफ्फुसात होऊ शकतो. पावसाने भिंती काळ्या झाल्या असतील तर मूल घरात असताना खरवडायच्या नाहीत. माटोळीची (चवथीला गणपतीवर टांगतात ती) ओली पानं-फळंही तिच्या खोलीपासून लांबच बरी (आजीला पटवणं तुमच्याकडे लागलं). अँटिबायोटिक चालू असूनही चार-पाच दिवस ताप हटला नाही, तर डॉक्टर सीटी स्कॅन करून बुरशी शोधतात. बुरशीवरची काही औषधं व्हिनक्रिस्टिन या केमोच्या औषधाचा त्रास वाढवतात, त्यामुळे गावातल्या डॉक्टरांकडून परस्पर काही सुरू करू नका. काढाही नको. वाफेने फुफ्फुसातला संसर्ग जात नाही, पोर भाजायची भीती मात्र असते.

निघताना फाइल आणि शेवटचा सीबीसी (रक्तपेशींचा रिपोर्ट) घ्या. दारात पाऊल टाकल्याबरोबर ‘केमोचं मूल आहे, ताप-खोकला आहे’ एवढं मोठ्याने सांगा, म्हणजे रांगेत बसवणार नाहीत.