विमाने, युद्धनौका, मोटारी आणि घरातली यंत्रे : चारही विषयांवर लिहावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : मालवाहू जहाजांवर अभियंता म्हणून नोकरी केल्यानंतर आता विमाने, नौदलाचा इतिहास, वाहने आणि रोजच्या वापरातले तंत्रज्ञान या विषयांवर मराठीत मुक्तलेखन करावे असे आपल्या मनात आहे, मात्र एका संपादकांनी ‘एकच विषय धरा’ असे सुचवल्याने आपण संभ्रमात आहात. माहितीची खातरजमा कशी करावी आणि मानधनाचे काय, असेही आपण विचारले आहे. या चारही विषयांवर मी बरीच वर्षे लिहीत आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या मते चारही विषय धरावेत. मराठीत केवळ विमानांवर किंवा केवळ युद्धनौकांवर लिहून वर्षभर काम मिळत राहील इतकी नियतकालिके उरलेली नाहीत, हे व्यावहारिक कारण झाले. त्याहून महत्त्वाचे कारण असे की या चार विषयांत लेखकाला करावे लागणारे काम एकच असते. यंत्राविषयी सांगितला जाणारा आकडा कशाचा आहे, तो कोणी आणि कोणत्या परिस्थितीत मोजला, हे विचारायची सवय एकदा अंगी बाणली की विषय बदलल्याने फारसे अडत नाही. ती नसेल तर एकाच विषयात आयुष्य घालवूनही लेखन कच्चेच राहते.

जहाजांचेच उदाहरण घेऊ. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नौदलात दाखल झालेल्या नव्या विक्रांत या विमानवाहू नौकेचे वजन सुमारे ४५,००० टन सांगितले जाते आणि टायटॅनिकच्या नावापुढे ४६,३२८ टन हा आकडा आढळतो. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून टायटॅनिक किंचित मोठी होती असे लिहिण्याचा मोह सहज होतो. परंतु विक्रांतचा आकडा विस्थापनाचा, म्हणजे जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाचा आहे, तर टायटॅनिकचा आकडा वजनाचा नसून बंदिस्त जागेच्या घनफळाचा आहे आणि त्यातला एक टन म्हणजे शंभर घनफूट. टायटॅनिकचे विस्थापन ५२,००० टनांच्या आसपास होते. आपल्याला हे सांगण्याची गरज नाही, पण आपला लेख हाताळणाऱ्या उपसंपादकाला नक्कीच आहे; तीच गोष्ट ‘ताशी ३० नॉट’ या वारंवार छापल्या जाणाऱ्या शब्दप्रयोगाची. नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर. त्यात ‘ताशी’ आधीच आलेले आहे.

नौदलाच्या इतिहासात आपल्याला एक फायदा आहे, तो ओळखावा. जुन्या विक्रांतवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बहुतेक लेखन शौर्य, अभिमान आणि २०१४ साली ती भंगारात निघाल्याची हळहळ यांभोवती फिरते. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धावेळी या जहाजाच्या बॉयलरला तडे गेलेले होते, त्यामुळे सुमारे २५ नॉट वेगासाठी बांधलेले जहाज सुमारे १६ नॉटपर्यंतच पळवावे लागत होते, आणि तशा अवस्थेत ते बंगालच्या उपसागरात उतरवले गेले, हा भाग दोन ओळींत उरकला जातो. खरे तर सगळी गोष्ट तिथेच आहे. विमानवाहू नौकेवरून विमान सोडताना नौकेचा स्वतःचा वेग आणि समोरचा वारा यांची बेरीज विमानाच्या पंखांना मिळते; वेग कमी असला की वाऱ्यावरचे अवलंबित्व वाढते. शिवाय विमानाला ढकलणारे कॅटापुल्टही वाफेवरच चालणारे होते, म्हणजे वाफेच्या एकाच साठ्यावर दोन दावेदार. ४ डिसेंबर १९७१ रोजी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर विक्रांतवरून झालेल्या सी हॉक विमानांच्या हल्ल्याकडे इंजिनरूममधून पाहणारा लेख मराठीत माझ्या वाचनात आलेला नाही. तो आपण लिहू शकाल. मला तो जमणार नाही, कारण मी कधी बॉयलरसमोर पहारा दिलेला नाही.

याच युद्धातल्या पाकिस्तानच्या गाझी पाणबुडीबाबत मात्र सावध राहावे लागते. विशाखापट्टणमजवळ ती बुडाली याविषयी वाद नाही. कशाने बुडाली याविषयी आहे. आयएनएस राजपूतने टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बमुळे ती बुडाली, अशी भारतीय नौदलाची भूमिका आहे. पाकिस्तानची बाजू अपघाती स्फोटाकडे बोट दाखवते. दर डिसेंबरात आपल्याकडे पहिले विधान निर्विवाद सत्य म्हणून छापले जाते. नौदलाची भूमिका खोटी आहे असे माझे म्हणणे नाही, परंतु कोण काय म्हणतो हे लिहिल्याने लेखाचे काहीच बिघडत नाही आणि जाणकार वाचकाचा विश्वास बसतो. याउलट ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ बुडालेल्या आयएनएस खुकरीबाबत तशी शंका नाही : ती हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीने टॉर्पेडो मारून बुडवली, आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले.

विमानांवर मराठीत लिहायला लागलात की शिवकर बापूजी तळपदे यांचा विषय आपल्याकडे येणारच, तेव्हा त्याची तयारी आधीच ठेवावी. १८९५ साली चौपाटीवर तळपदे यांनी मानवरहित विमान सुमारे १,५०० फूट उंच उडवले आणि म्हणून राइट बंधूंचा मान खरा त्यांचा, असे हे कथन आहे. त्या उड्डाणाचा तपासून पाहता येईल असा समकालीन पुरावा आजवर पुढे आलेला नाही. जुन्या वृत्तपत्राचा हवाला दिला जातो, पण अंक आणि तारीख मागितली की हवाला देणारे गप्प होतात. प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा या कथेशी संबंध जोडला जातो, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली केली आणि तो ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही, शिवाय त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष काढला. मला यात आणखी एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो, आणि तो फारसे कुणी मांडत नाही. कथा अक्षरशः खरी धरली तरी ती राइट बंधूंच्या कामाशी तुलना करण्याजोगी नाही. १७ डिसेंबर १९०३ चे पहिले उड्डाण बारा सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. त्याचे महत्त्व अंतरात नसून विमानात माणूस होता आणि विमान त्याच्या ताब्यात होते यात आहे. मानवरहित, वाफेवर चालणारे विमान सॅम्युअल लँग्ले यांनी मे १८९६ मध्येच जवळजवळ एक किलोमीटर उडवले होते, आणि म्हणून कुणी त्यांना राइट बंधूंच्या जागी बसवत नाही. तळपदे यांची खिल्ली उडवू नये. त्या काळच्या मुंबईत यंत्राच्या नादाला लागलेला माणूस हा स्वतंत्रपणे चांगला विषय आहे. पण असा लेख लिहिल्यावर रागावलेली पत्रे येतात, हे गृहीत धरून चालावे.

अपघातांवर पहिल्या आठवड्यात लिहू नये, असा माझा नियम आहे, आणि त्यापायी काही कामे हातची गेली आहेत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्राथमिक अहवाल साधारण ३० दिवसांत अपेक्षित असतो आणि चौकशीचा हेतू दोष ठरवणे हा नसतो. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद दुर्घटनेच्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच उड्डाणानंतर लगेच बंद स्थितीत गेल्याची नोंद होती. ते का गेले, हे त्यात नव्हते. त्या ‘का’ची जागा भरून काढणारे लेख दुसऱ्याच दिवशी छापून आले.

वाहनांबाबत थोडक्यात सांगतो. जाहिरातीतले मायलेज हे बहुधा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, गाडी रोलरवर उभी करून, ठरलेल्या वेगचक्रानुसार मोजलेले असते. ते खोटे नसते. दोन गाड्यांची आपसांत तुलना करण्यासाठी ते योग्य असते, सिंहगड रस्त्यावरच्या संध्याकाळचे भाकीत करण्यासाठी नसते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरील वादातही हाच विवेक ठेवावा : लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे केवळ ऊर्जेच्या हिशेबाने सहा-सात टक्क्यांची घट समजण्याजोगी आहे, मायलेज निम्म्यावर आले असे कुणी म्हणाले तर कारण दुसरीकडे शोधावे.

घरगुती तंत्रज्ञानाला कमी लेखू नये, कारण सर्वाधिक वाचक तिथेच मिळतात. पॉवर बँकवर लिहिलेला २०,००० मिलिअँपिअर-तास (mAh) हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ऊर्जेत तो ७४ वॉट-तास होतो आणि ५ व्होल्टला बाहेर येताना, गळती सोडूनही, १४,८०० च उरतो. विमानात परवानगीशिवाय नेण्याची सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तासांची आहे आणि तीही केबिनमधल्या सामानात, चेक-इन बॅगेत नव्हे. एवढ्या एका हिशेबावर उपयुक्त लेख होतो.

आता मानधन. लेख देण्याआधी रक्कम विचारण्यात संकोच बाळगू नये. संकोच करणाऱ्याला पैसे उशिरा मिळतात किंवा मिळतच नाहीत. नौदल दिन ४ डिसेंबरला आणि वायुसेना दिन ८ ऑक्टोबरला असतो, तेव्हा त्या विषयांचे प्रस्ताव दोन महिने आधी पाठवावेत, आणि दिवाळी अंकांसाठी पावसाळ्यातच बोलणे व्हावे. आपण कुणाचे नोकर नसल्यामुळे लेखाचे स्वामित्व मुळात आपले असते, आणि ते दुसऱ्याला द्यायचे तर कायद्याने लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर केवळ भारत असे धरले जाते. छायाचित्रांचे स्वामित्व भारतात प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकते, त्यामुळे इंटरनेटवरून उचललेले १९७१ चे छायाचित्र लेखासोबत पाठवू नये. ‘सर्व हक्क आमच्याकडे’ असे वाक्य ई-मेलमध्ये आले तर त्याऐवजी ‘प्रथम प्रसिद्धीचा हक्क’ असे सुचवून पाहावे. बरेच संपादक ते मान्य करतात, आणि तोच लेख पुढे पुस्तकात घ्यायचा झाला तर कुणाची परवानगी मागावी लागत नाही.