स्वादुपिंड : ‘स्वाद’ नव्हे, ‘स्वादु’

शहाद्याच्या एका वाचकांनी विचारले आहे की, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ‘घोड्याला पित्ताशय नसते’ असे ऐकले. मग त्याला स्वादुपिंड तरी असते का, आणि या शब्दात ‘स्वाद’ कशासाठी आला?

घोड्याला पित्ताशय नसते हे खरे, पण स्वादुपिंड (इंग्रजीत पॅन्क्रियास) असते. ते त्रिकोणी असून पोटाच्या वरच्या भागात, बहुतांशी उजवीकडे असते, आणि आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर त्यातल्या कड्यातून आरपार जाते. ते पाचकरस आतड्यात आणि इन्शुलिन रक्तात सोडते.

‘चव ओळखणारे पिंड ते स्वादुपिंड’ हा अर्थ मी शिकलेल्या माणसांकडूनही वारंवार ऐकतो, आणि तो साफ चूक आहे. इथे ‘स्वाद’ हे नाम नाही, ‘स्वादु’ म्हणजे गोड हे विशेषण आहे. आयुर्वेदाच्या सहा रसांत मधुर रसाला हेच नाव आहे. इंग्रज खाटीक या मांसाला सोळाव्या शतकापासून ‘स्वीटब्रेड’ म्हणत आले, आणि माझ्या मते आपला शब्द त्याचेच भाषांतर आहे. त्यातील ‘ब्रेड’ पावाचा नसून मांस या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाचा असावा, असे काही अभ्यासक मानतात. आता ‘पिंड’ पाहा : भाताचा गोळाही पिंड आणि मांसाचा गोळाही पिंड, म्हणजे दोन्ही अर्थ एकाच शब्दात सामावले! शिवाय ‘स्वीट’ आणि ‘स्वादु’ एकाच मूळ धातूची लेकरे असल्याने या भाषांतरात दुरावलेली भावंडे पुन्हा भेटली आहेत.

हे नाव मधुमेहावरून पडले, असे सांगणाऱ्या जाणकारांनी कालक्रम तरी पाहावा. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, हे मेरिंग आणि मिंकोव्स्की या संशोधकांनी दाखवले ते 1889 मध्ये. ‘स्वीटब्रेड’ त्याहून तीनशे वर्षांनी जुना आहे.

हिंदीतला ‘अग्न्याशय’ मराठीत आणण्याचा आग्रहही मला मान्य नाही. आशय म्हणजे साठवणीची जागा, जसे मूत्राशय किंवा पित्ताशय. स्वादुपिंड ही पिशवी नव्हे. घोड्याच्या बाबतीत तर हे अधिकच खरे, कारण दिवसभर चरणाऱ्या या जनावराचे पित्त साठून राहत नाही आणि स्वादुपिंडाचा रसही अखंड पाझरत असतो. त्या रसात पिष्ट पचवणारे द्रव्य मात्र कमी असते, म्हणून एकदम भरपूर धान्य घातले की ते न पचता मोठ्या आतड्यात उतरते आणि घोड्याच्या पोटात कळ येते.

लिहिताना ‘दु’ ऱ्हस्वच ठेवावा. समासात पूर्वपद असलेल्या तत्सम, म्हणजे संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या, शब्दाचा मुळातला ऱ्हस्व उकार ‘गुरुदक्षिणे’प्रमाणे ऱ्हस्वच राहतो.