9 दिवस बिनपगारी, पोरानं हो म्हणावं का?

प्रश्न: दादा नमस्कार. मी बीडचा, माध्यमिक शाळेतून रिटायर झालोय. धाकटा मुलगा इंग्लंडला नोकरीला आहे, तिथं त्याला ग्लायडिंगचा नाद लागलाय, बिनइंजिनाचं विमान उडवतो. आता क्लबनं त्याला पुढच्या उन्हाळ्यातल्या स्पर्धेचा डायरेक्टर हो म्हणून विचारलंय. पगार एक रुपया नाही, शनिवारपासून पुढच्या रविवारपर्यंत 9 दिवस घालवायचे आणि वर त्या स्पर्धेत स्वतः उडायचंही नाही. घरात सगळे म्हणतात लष्कराच्या भाकरी भाजायला कशाला जातोय. काही बरंवाईट झालं तर जबाबदारी पण याच्याच डोक्यावर. काय सांगू त्याला?

उत्तर: सर, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण मी तिकडं होतो तेव्हा असल्या स्पर्धांमध्ये चार उन्हाळे पंख धरायचं काम केलंय. खरंच पंख धरायचं, ग्लायडरचं मेन चाक एकच असतं त्यामुळं उभा असला की एक पंख जमिनीला टेकतो, तो उचलून सरळ धरायचा आणि पुढच्या टग विमानानं दोर ओढला की सोबत थोडं पळायचं. ते पण फुकटच. हवामान सांगणारा, स्कोअर काढणारा, दोर लावणारी पोरं, बहुतेक सगळे क्लबचेच लोक असतात, आपल्याकडं सप्ताहात पंगत वाढायला सगळं गाव उभं राहतं ना, तसंच बघा. त्यामुळं लष्कराच्या भाकरी म्हणू नका, हे घरचंच कार्य आहे.

आता जबाबदारीचं. ती आहे, आणि मोठी आहे, ते मी लपवत नाही.

एक दिवस माझ्या डोळ्यासमोर अजून आहे. जवळपास 40 ग्लायडर रांगेत, ऊन चांगलं, सगळे टोप्या घालून तयार. डायरेक्टर साठीच्या एक बाई होत्या. त्यांनी आधी एकच ग्लायडर वर पाठवला, त्याला स्निफर म्हणतात, वर हवा उचलतेय का ते बघायला. तो 2000 फुटांवर दोर सोडून फिरायला लागला आणि रेडिओवर म्हणाला उचलतंय, पण पश्चिमेकडं ढग लई उंच चढायलेत. खाली लोक घाईला आलेले, दोघं तिघं तर येऊन बोलले पण की सोडा की आता. बाईंनी अर्धा तास थांबवलं आणि दिवस रद्द केला. वादळ काही आलं नाही, बाजूनं निघून गेलं, संध्याकाळी बरीच कुरकुर झाली. तरी माझ्या मते बाई बरोबर होत्या, कारण 40 जणांना वर न्यायलाच तासभर लागतो आणि एकदा का ते लांब गेले की त्यांना झटकन खाली आणायची काही सोय नसते.

एप्रिलात काळं रान तापलं की घारी पंख न हलवता गोल गोल वर जातात ते तुम्ही बघितलंच असेल. ग्लायडर पण तसेच गरम हवेच्या त्या खांबात घुसतात, स्पर्धेत तर कधी कधी एकाच खांबात पंधरा वीस जण. पहिला ज्या बाजूनं फिरला त्याच बाजूनं बाकीच्यांनी फिरायचं असा नियम आहे, टक्करीचा इशारा देणारं फ्लार्म नावाचं यंत्र पण असतं, पण गर्दी ती गर्दीच. म्हणून आज सोडायचं का, किती लांबचा टास्क, म्हणजे त्या दिवशी उडायचा मार्ग, द्यायचा, हे ठरवणारा माणूस स्वतः नंबरात नसलेलाच पाहिजे. तुमचा मुलगा उडणार नाही ना, मला तर तीच सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. हवेचा भरवसा नसेल तर असाइन्ड एरिया टास्क देतात, म्हणजे ठरलेल्या ठिकाणांऐवजी मोठी वर्तुळं आखून द्यायची, त्यात कुठवर जायचं ते पायलटनं बघायचं, फक्त ठरलेल्या वेळेच्या आत परत आला तर तोटा त्याचाच. हे असे निर्णय रोज सकाळच्या ब्रीफिंगच्या आधी घ्यायचे असतात आणि दुपारी हवा फिरली तर बदलायचे पण. हवा संपली की कोणी कुणाच्या वावरात उतरतो, त्याची माणसं ट्रेलर घेऊन आणायला जातात, आणि शेवटचा पायलट सुखरूप असल्याचा फोन येईपर्यंत त्या बाई जेवायला बसत नसत, हे मी स्वतः बघितलंय.

तर सर, अडवू नका त्याला. फक्त त्यानं कधी डेप्युटी म्हणून काम केलंय का ते विचारा, नसेल केलं तर यंदा डेप्युटी हो आणि पुढच्या वर्षी डायरेक्टर, असं मी सांगेन. आणि फोन कराल तेव्हा एवढं विचाराच, हवामानवाला कोण, टास्क आखणारा कोण, स्कोअर कोण काढणार. तिन्ही नावं पटापट सांगितली तर बिनधास्त हो म्हणू द्या, आणि ते नंतर बघू म्हणाला तर आधी माणसं पक्की कर म्हणावं, मग क्लबला होकार दे.